विसाव्याच्या दोन घटका

हत्तीच्या राजवटीचे एकतिसावे वर्ष होते आणि वैशाखाचा नववा दिवस. त्या उन्हाळ्यात राज्यात गवत नव्हते. कायदे मात्र नवे आले होते.

कायदे दोन होते. दुधाचे दात असलेल्या शिंगरावर ओझे लादायचे नाही, हा पहिला. दुसरा असा की सूर्य डोक्यावर आला की घंटा होईल. तिथून दोन घटका कोणी चालायचे नाही, आणि ज्याला बसायचे त्याने बसावे.

कोळशाच्या खाणीवर गाढवे राबत. खाणीच्या तोंडाशी वानरे पाठीवर गोणी चढवत, गाढवे ती नदीच्या धक्क्यावर नेऊन टाकत आणि परत येत. मुकादम कोल्हा होता. त्याने दोन्ही कायदे मोठ्याने वाचले, तेव्हा बोरकी नावाच्या म्हाताऱ्या गाढवीने विचारले, "मुकादम, बसताना गोणी उतरवणार ना?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"नीट बघा की."

"तूच बघ. वाचता येत असतं तर गोण्या वाहत बसली असतीस का?"

वानरे हसली. गाढवेही थोडी हसली.

आता गाढवांची एक रीत होती. ओझ्याखाली बसायचे नाही. जो बसला तो मेल्यात जमा. त्याच्या शेजारी कोणी उभे राहत नसे आणि त्याच्या पोरांना रांगेत जागा मिळत नसे. ही रीत कोणी लादलेली नव्हती. तिच्यापलीकडे त्यांच्याकडे अभिमान धरण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्यांनी ती जपली होती.

त्यामुळे कायदा आल्यापासून घंटा झाली की रांग जागच्या जागी थांबे आणि पाठीवर गोणी घेऊन दोन घटका उन्हात उभी राही. चालताना ओझे हलते, अंग सैल होते. उभ्याने तेच ओझे हाडात उतरते. विसाव्याची वेळ दिवसातली सर्वांत जड वेळ झाली.

रांगेत पहिला करड्या. त्याची बायको आजारी पडली तेव्हा त्याने मुकादमाकडून चाळीस पेंढ्या उचलल्या होत्या. पेंढ्या संपल्या, बायकोही गेली. उचलीचे काम राहिले: आठशे खेपा. त्याची लेक चिमखडी वर्षाचीही नव्हती. तीही गोणी वाहत होती.

"ती कामावर नाहीच," कोल्ह्याने समजावले होते. "बापाबरोबर येते. गोणी तुझ्या नावावरची. तिच्या पाठीवर नुसती ठेवलेली."

करड्याला ते पटले. खेपा दुप्पट पडत होत्या.

त्या नवव्या दिवशी सकाळी सहा खेपा उरल्या होत्या. बापाने दोन टाकल्या, लेकीने दोन. तिसरी दोघांच्या पाठीवर चढली. धक्का दिसू लागला आणि घंटा झाली.

रांग थांबली.

"बाबा, बसू का?"

"नाही."

"थोडंच."

"आपल्यात बसत नाहीत. ही टाकली की सुटलो. नदीपलीकडे हिरवं आहे म्हणतात. दात पडेपर्यंत तू नुसती चर."

चिमखडीचे पुढचे पाय थरथरत होते. मागून बोरकी म्हणाली, "बसू दे रे पोरीला. कोण बघतंय?"

"तुझ्या घरात बसले असतील."

"माझ्या घरात कोण उरलंय बसायला?"

करड्या एक पाऊल मागे सरकला आणि त्याने आपली कूस तिच्या कुशीला लावली. ती टेकली. तिचा श्वास त्याच्या बरगड्यांवर आपटत होता. हे बसणे नव्हते. रीत मोडली नव्हती.

तेवढ्यात बगळा आला. तो राज्याचा तपासनीस. महिन्यातून एकदा येई. कोळशाने पिसे काळी होतात म्हणून रांगेपर्यंत कधी येत नसे. लांबच्या बाभळीवर बसून मोजदाद करी.

"रांगेत पुढं कोण आहे?" त्याने तिथूनच विचारले.

"मी. करड्या."

"ऐकू येत नाही. पुढं ये."

बोलावले ते तपासनिसाने, आणि तेही सगळ्यांदेखत. करड्या मान ताठ करून चार पावले पुढे गेला.

"विसावा मिळतो का?"

"मिळतो."

"बसायला कोणी अडवतं?"

करड्याने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा दुसरीकडे पाहत होता.

"कोणी नाही."

"तक्रार?"

"नाही."

तो वळला तेव्हा चिमखडी खाली होती. चारही पाय अंगाखाली गेलेले, गोणी पाठीवर तशीच, हनुवटी धुळीत. तिच्या मागची गाढवे रीतीप्रमाणे बाजूला झाली होती. तिच्याभोवती मोकळी जमीन होती. बोरकीसुद्धा सरकली होती.

बाभळीवरून बगळ्याला ती जागा स्पष्ट दिसली. त्याला बरे वाटले. तीन महिने त्याच्या वहीत त्या रकान्यात शून्य पडत होते.

"बसलेले, एक," तो म्हणाला, आणि तसे लिहून उडून गेला.

घंटा झाली. रांग हलली.

"ऊठ," करड्या म्हणाला.

एक माशी तिच्या डोळ्यावर बसली. पापणी मिटली नाही.

तो तिथे किती वेळ उभा होता, कोणी मोजले नाही. मागची गाढवे वळसा घालून गेली. मग कोल्हा आला. त्याने चिमखडीला पायाने जरा ढकलून पाहिले.

"तुझी टाकून ये आधी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

करड्या धक्क्यावर गेला. गोणी टाकली. परत आला. तिच्या पाठीवरची गोणी वानरांनी सोडवली. गोणीखालची लव दोरीने घासून गेली होती.

"ही कुणाची?" एका वानराने विचारले.

"त्याच्याच नावावरची आहे," कोल्हा म्हणाला.

वानरांनी ती करड्याच्या पाठीवर चढवली. तो धक्क्यापर्यंत चालत गेला आणि त्याने ती टाकली. ती खेप धरली गेली. उचल फिटली.