येसूकाकीने चूल पेटवली नाही

खूप खूप वर्षांमागे डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं. इतकं उंच, की ढग चढण चढून वर यायचे, अंगणात शिरायचे आणि शेळ्यांसारखे दारात बसून राहायचे. माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. सकाळी छपराछपरांतून धूर निघायचा, धुक्यात मिसळायचा, आणि सगळं गाव झोपेत तरंगत असल्यासारखं दिसायचं.

एका वर्षी नाचणी फुलोऱ्यात असताना धुकं उतरलं ते हललंच नाही. ऊन पडलं नाही. कणसं उभी राहिली, पण त्यांत दाणा भरला नाही.

तरीही छपरांतून रोज धूर निघत होता.

गावात येसूकाकी नावाची सुईण होती. एकटीच राहायची. एका सकाळी ती चंद्राकडे गेली. चंद्राला नुकतीच मुलगी झाली होती. बाळ रडत होतं, पण त्या रडण्यात जोर नव्हता.

"दूध पुरतं का गं हिला?" काकीने विचारलं.

"पुरतं की," चंद्रा म्हणाली. चुलीवर मडकं होतं, झाकणाखालून वाफ येत होती. "बसा काकी. जेवूनच जा म्हटलं असतं, पण अजून शिजायचंय."

बाळाला पुसायला कोमट पाणी हवं म्हणून काकीने झाकण उचललं. मडक्यात नुसतं पाणी उकळत होतं.

चंद्राने मान खाली घातली. "कुणाला सांगू नका. सगळ्यांच्या घरी शिजतंय, आमच्याच घरात नाही. लोक काय म्हणतील?"

काकीने झाकण परत ठेवलं. तिच्या स्वतःच्या चुलीवरही पाणीच उकळत होतं. घरी एका गाडग्याच्या तळाशी जपून ठेवलेली शेवटची मूठभर नाचणी होती, ती तिने आणून चंद्राच्या ओच्यात टाकली आणि ती परत गेली.

घरी येऊन ती बराच वेळ चुलीपाशी बसली. गावाला सांगावं, तर चंद्राची लाज उघड्यावर पडेल. गप्प बसावं, तर ते बाळ वाचणार नाही. तिने खूप विचार केला. मग मडकं उतरवलं, लाकडं ओढली आणि विस्तवावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या छपरांतून धूर निघाला, फक्त काकीच्या छपरातून नाही. धुक्यातून एकेक आवाज तिच्या दारापाशी आला.

"काकी, बरं नाही का?"

"चूल का पेटवली नाही?"

काकी उंबऱ्यावर बसली होती. आयुष्यभर तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. ती म्हणाली, "घरात दाणा नाही. कितीतरी दिवस नुसतं पाणी उकळत होते, तुम्हाला कळू नये म्हणून. आज म्हटलं, पुरे झालं."

मग एक म्हातारा खाकरला. "माझ्याही चुलीवर पाणीच आहे."

"आमच्याही," एक बाई हळूच म्हणाली.

"आमच्याही," मागून चंद्राचा आवाज आला.

गर्दीत राणू गावडा उभा होता. त्याच्या घरी मागल्या सालच्या नाचणीने भरलेली एक कणगी शिल्लक होती. तो पुढे आला. "अरे, तुमचा धूर बघून मी रोज निवांत जेवत होतो! एकाने तरी सांगायचं होतं रे!"

त्याने कणगी फोडली. पण एका कणगीने गाव किती दिवस जगणार? तेव्हा म्हातारा म्हणाला, "रानात कडू कंद आहेत. राख लावून उकडले आणि वाहत्या पाण्यात ठेवले, की कडवटपणा जातो." कुणाची म्हैस दूध देत होती. कुणाकडे मीठ होतं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांनी लाकडं फोडली, पाणी भरलं. देवळापुढे एकच मोठी चूल मांडली गेली. पहिलं ताट चंद्राला. कोण किती आणतं, हे कुणी विचारत नव्हतं. ढगांत बसून माणसं जेवायची, आणि शेजारी कोण बसलंय ते हसण्यावरून कळायचं.

पोटभर कुणालाच मिळालं नाही. पण उपाशीही कुणी राहिलं नाही.

पुढे धुकं उठलं. डोंगरावर ऊन आलं. कंदांवर आणि उरलेल्या दाण्यांवर गावाने नवं पीक येईपर्यंत दिवस काढले. चंद्राच्या मुलीचं उष्टावण आलं, तेव्हा घराघरातून चिमूट चिमूट नाचणी आली आणि तिची खीर झाली. पहिला घास येसूकाकीने भरवला. मुलीने तो तोंडात घोळवला, तोंड वाकडं केलं आणि थू करून काकीच्याच लुगड्यावर उडवला.

"पोट भरलंय तिचं!" काकी म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत सगळ्यांत आधी तीच हसली.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: आपली अडचण मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. एकाने धीर करून तोंड उघडलं, की इतरांनाही बोलता येतं, आणि मग मदतीची वाट सापडते.