पाटलांची मुकी आत्या

फार पूर्वी, शहाणी माणसं आजच्याइतकीच थोडी होती त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला पाणी एकाच झऱ्याचं. झरा गावाच्या वरच्या अंगाला, एका जुन्या जांभळीच्या बुडातून निघे. भोवती करंज, हिरडा, आंबा अशी दाट झाडी.

झऱ्याच्या तोंडाशी रोज पाला साचे. तो काढला नाही, तर पाणी वाट सोडून भलतीकडे ओढ्यात निघून जाई. म्हणून घरोघरी वार लावून दिले होते. एका वाराला दोन घरं. दुपारची जेवणं उरकली, की त्या घरची बाई वर जाई आणि पाला काढून येई. पुरुष जात नसत. पाला काढायला वाकावं लागतं आणि पुरुषाने वाकू नये, असं चावडीवर केव्हाचं ठरलेलं होतं. पाणी मात्र पुरुषही पीत.

त्या गावात एक पैलवान होता. सकाळ-संध्याकाळ तो घाम निथळेपर्यंत जोर काढी. म्हणजे वाकतच असे. पण ते वाकणं वेगळं. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. गावात एक तालीम व्हावी, पक्क्या भिंतींची, कौलारू छपराची, आणि आपण तिचे वस्ताद व्हावं. आजवर तो पोरांना उघड्यावर डाव शिकवी. पाऊस आला, की जिंकणारा कोण आणि हरणारा कोण हे चिखलात ओळखू येत नसे.

एके दिवशी गावात एक कोळशाचा व्यापारी आला. चावडीवर बसून म्हणाला, "झऱ्यावरची झाडी मला तोडू द्या. मी तुम्हाला तालीम बांधून देतो."

पैलवानाला रात्रीच्या जेवणाआधीच ढेकर आला.

बायकांच्या कानावर हे गेलं. त्या चावडीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "पाटील, झाडं गेली तर झरा राहायचा नाही."

पाटील मोठा दांडगा माणूस. आवाज असा, की चावडीवर खोकला तर शिवारातली बुजगावणी सावध व्हावीत. तो म्हणाला, "ऐकलंत का रे? पान गळलं तरी यांच्या डोळ्यांना धार. मग झरा हवाय कशाला?"

सगळे हसले. पैलवान तर मांडीवर थाप मारून हसला. बायका परत गेल्या. शनिवारी झाडं तोडायची आणि जांभळीवर पहिला घाव पैलवानाने घालायचा, असं ठरलं.

मधल्या दिवसांत पैलवानाच्या घरी मुलगी झाली. पैलवान तिला उचलायला भीत असे. ढालींसारखे दोन हात, आणि त्यांत एवढीशी मूठ! आणि नेमका त्याच आठवड्यात त्याच्या घरचा वार आला.

बाजेवरून बायको म्हणाली, "अहो, आज झऱ्यावर तुम्हाला जावं लागेल."

"मला? शेजारणीला सांग ना."

"तिचा वार काल झाला. आणि माझं काम मी तिच्यावर का टाकू?"

"अगं, पण पुरुषमाणूस झऱ्यावर दिसला तर लोक काय म्हणतील?"

"मग पुरुषमाणूस दिसू नका," बायको म्हणाली. "त्या पेटीत लुगडी आहेत."

पैलवानाच्या कमरेला एक लुगडं पुरेना. आईचं एक जुनं लुगडं काढून त्याला जोडलं. बायको हसू दाबत, बसल्या बसल्या निऱ्या करून देत होती. पदर हनुवटीपर्यंत ओढून देत ती म्हणाली, "आज दुसरं घर पाटलांचं आहे. पाटलीणबाई गेल्यापासून त्यांची एक लांबची आत्या येते. मुकी आहे बिचारी. तिच्याशी बोलायला जाऊ नका."

भर दुपारी, गाव घोरत असताना, पैलवान मागल्या दाराने निघाला. वाटेत एका गाढवाने तेवढं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

झऱ्यावर मुकी आत्या आधीच आली होती. चांगली आडव्या अंगाची बाई. तिचाही पदर हनुवटीपर्यंत. दोघी शेजारी शेजारी वाकून पाला काढू लागल्या. आत्याचा हात मोठा हळुवार होता. पाल्याखाली बेडूक निघाला, की ती त्याला ओंजळीत धरून सावलीत ठेवी आणि मग पुढचा पाला ओढी.

इतक्यात आत्या शिंकली.

झाडावरची पाखरं उडाली. गावात अशी शिंक एकाच माणसाची होती. पैलवानाच्या तोंडून निघून गेलं, "पाटील?"

आत्याचा पदर घसरला. पैलवानाचा तर केव्हाच घसरला होता. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"कुणाला सांगू नकोस," शेवटी पाटील म्हणाला.

"मी कसा सांगेन? मला कुठं तोंड आहे?"

पाटील दगडावर बसला. लुगड्याचा काठ त्याने नीट सारखा केला. "हे तिचं आहे," तो म्हणाला. "जाताना तिनं एकच मागितलं. म्हणाली, माझा वार चुकू देऊ नका. मी 'हो' म्हणालो. आता पाटलाने उघड इथं यायचं म्हणजे..." मग पैलवानाचा हात धरून त्याने तो जांभळीच्या मुळांखाली घातला. आत थंडगार ओल होती. थेंब थेंब बोटांवर पडत होते. "बघ. पाणी इथं साठतं, मुळांत. तिनंच दाखवलं होतं मला, लग्न नवं होतं तेव्हा."

"मग पाटील, चावडीवर तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसलात."

"तू काय रडत होतास?"

पैलवान पुन्हा पाल्यात वाकला. दोघांनी उरलेला पाला काढला आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.

त्या रात्री पैलवानाने लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. पण डोळ्यांसमोर कधी कौलारू तालीम येई, तर कधी बोटांवर ते थेंब पडत.

शनिवारी सगळा गाव झऱ्यावर जमला. व्यापाऱ्याची माणसं कुऱ्हाडी परजून उभी होती. नारळ फोडला. पैलवानाच्या हातात नवी कुऱ्हाड दिली. बायका लांब, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

पैलवानाने कुऱ्हाड उचलली. जांभळीच्या बुडाकडे पाहिलं. पुन्हा खाली ठेवली.

"काय झालं?" व्यापारी म्हणाला.

"माझ्यानं होणार नाही. हे झाड पडलं तर आमचं पाणी जाईल."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गर्दीतून एक टारगट ओरडला, "पैलवान, बांगड्या भरल्यात काय?"

"बांगड्या नाही भरल्या," पैलवान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लुगडं मात्र नेसलो होतो."

आणि त्याने सगळं सांगितलं. बायकोचा वार, जोडलेली लुगडी, पाला, मुळांतलं पाणी. ऐकता ऐकता माणसं हसून हसून खाली बसली. ज्यांना त्याने डाव शिकवले होते, ती पोरंही तोंड फिरवून हसत होती. व्यापारी म्हणाला, "मग तालीम विसरा."

"विसरलो," पैलवान म्हणाला. आणि खाली ठेवलेली कुऱ्हाड त्याने व्यापाऱ्यापुढे सरकवली.

टारगटाला अजून मजा हवी होती. "आणि तिथं दुसरी कोण होती तुमच्या जोडीला? पाटलांची आत्या ना? तिनं ओळखलं नाही तुम्हाला?"

एवढंच सांगायचं बाकी होतं. सांगितलं असतं, तर सगळं हसू पैलवानावरून उठून दुसऱ्याच्या अंगावर गेलं असतं. पैलवानाने पाटलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," तो म्हणाला. "ती बाई तिचं काम करत होती."

हसणं चालूच राहिलं. मग हळूहळू थांबलं, कारण पाटील पुढे येत होता. त्याने पागोटं काढून काखेत धरलं आणि पैलवानाशेजारी, जांभळीला पाठ लावून उभा राहिला.

"मला आत्या नाही," पाटील म्हणाला. "मीच येतो. दोन वर्षं झाली. हसायचं असेल तर आता हसून घ्या. मी थांबतो."

कुणी हसलं नाही. लांबून फक्त घागरी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

व्यापारी कुऱ्हाडी गोळा करून दुसऱ्या गावाला गेला. तिथल्या पुरुषांना अजून लाज सांभाळायची होती, त्यामुळे त्याचं काम लगेच झालं. पुढच्या चैत्रात त्या गावची माणसं पाणी मागायला या गावात आली.

इथे पुरुषांनाही वार लागले. सुरुवातीला ते पाला असा काढत, की जणू किल्लाच सर करताहेत. आणि संध्याकाळी त्याच्या गोष्टी सांगत. पुढे सवय झाली, तशी बडबड कमी झाली. तालीम काही झाली नाही. पैलवान अजून पोरांना चिखलातच डाव शिकवी.

एकदा लेकीला झोका देता देता त्याने बायकोला विचारलं, "ती आत्या म्हणजे पाटील, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग कुणी बोललात कशा नाही? आम्ही चावडीवर तुम्हाला एवढं हसलो. पाटलांचं तोंड तिथल्या तिथं बंद झालं असतं!"

"झालं असतं," बायको म्हणाली. "पण मग ते यायचे थांबले असते. बायकोसाठी येत होते हो. तेवढं तरी राहू द्यावं माणसाजवळ."

मुलगी झोपली होती, तरी पैलवान बराच वेळ झोका देत राहिला.

तात्पर्य, ज्याला पटेल त्याने घ्यावं: पाणी पिताना पुरुषाला लाज वाटत नाही, मग ते राखतानाही वाटू नये.