कबुलीचं पाणी

तांबुळवाडीत वैशाखात आलात तर घराघराच्या परसात एक दगडी डोण दिसेल. हातभर लांब, वीतभर खोल. पाखरांच्या पाण्यासाठी आहे हे सांगावं लागत नाही. पण अक्षय्य तृतीयेच्या सकाळी गावातली म्हातारी माणसं ती डोण उघड्या डोक्यानं भरतात. पागोटं, टोपी, पदर, काहीही डोक्यावर ठेवत नाहीत. पाहुणे विचारतात, उन्हात हे कशासाठी? तेव्हा गावातलं कुणीतरी वडीलधारं सटवाजी माळ्याची गोष्ट सांगतं.

फार जुनी गोष्ट, किती पिढ्या झाल्या ते कुणाला ठाऊक नाही. सटवाजीच्या परसात अंजिराचं एक झाड होतं. त्याच्या पहिल्या अंजिरांची पाटी अक्षय्य तृतीयेला तुकाईच्या देवळात जायची. तो मान त्याच्या घराचा होता. सटवाजीला त्याचा भारी अभिमान.

उन्हाळ्यात त्याच्या लेकीची मुलं आजोळी येत. थोरली गोजरा आठ वर्षांची, धाकटा म्हसू चारचा. बायको गेल्यापासून सटवाजी वर्षभर या दोघांचीच वाट बघायचा. सकाळी तो त्यांना कैऱ्या भाजून द्यायचा, चिंचोक्यांचा डाव मांडायचा. मग तिघं जाईच्या वेलाजवळ दबकत जात. वेलात बुलबुलांचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं. गोजरानं अंजिराच्या झाडाखाली पाण्याचं परळ ठेवलं होतं. मातीची ती पसरट थाळी ती दिवसातून दोनदा भरायची. पाखरं तिला इतकी सरावली होती की ती हातभर अंतरावर बसली तरी पाणी पीत राहायची.

त्या वर्षी रानात दाणापाणी उरलं नव्हतं. पाखरं अंजिरांवर उतरली. रोज दहा-वीस फळं फोडलेली दिसू लागली. तृतीया चार दिवसांवर आली आणि सटवाजीचा धीर सुटला. देवळात पाटी अर्धीच गेली तर गाव काय म्हणेल?

गोजरानं त्याच्या मनातलं ओळखलं असावं. म्हणाली, "आजा, पाखरांना काय करू नकोस हां."

"न्हाई गं, काय करतोय मी," सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं झोपली, तसा त्यानं वडाचा चीक तेलात आटवून त्या परळाच्या काठाला फासला. चार पाखरं चिकटली की बाकीची भितील, मुलं उठायच्या आत सोडवून टाकू, असा त्याचा बेत होता म्हणे. पण सावलीत टेकला आणि त्याचा डोळा लागला. उठून बघतो तर परळ उलथून कोरडं पडलेलं. दोन साळुंक्या, तीन चिमण्या, आणि वेलातल्या बुलबुलांची जोडी उन्हात फडफडून मेलेली. त्यानं घाईघाईनं पाखरं सोडवली, परळ सरळ केलं आणि काठ पुसला. तेवढ्यात गोजरा दारात आली.

"आजा, काय झालं?"

सटवाजीच्या तोंडून निघून गेलं, "दुपारचं पाणी घालायचं राहिलं न्हवं तुझं? तहानेनं गेली बिचारी."

पोरीनं कोरड्या परळाकडं बघितलं. संध्याकाळी तिघांनी पाखरं पुरली. पिल्लांना तिनं भाकरीचा चुरा भरवून पाहिला, पण सकाळपर्यंत पिल्लंही गेली.

त्या दुपारी गोजरा घरात दिसेना. सटवाजी अनवाणी शोधत सुटला. नदीच्या डोहाकडून पोर येत होती, डोक्यावर लहानशी कळशी, तळपायांना फोड. आडाला पाणी असताना ती डोहावर का गेली?

"आडाचं पाणी तू ओढतोस," ती म्हणाली. "माझ्यामुळं मेली, तर मीच आणणार. आता मी दुपारची झोपणार न्हाई कधी."

सटवाजीनं तिला उचललं. वाटेत खरं सांगावं म्हणून त्यानं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. घरी तिचे पाय धुताना त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. ती मात्र आजा आपल्याला रागावला नाही म्हणून त्याचा हात धरून बसली होती.

तृतीयेला पाटी भरून तो देवळात गेला. मुलं बरोबर होती, गाव जमलं होतं. गुरवानं पाटी घ्यायला हात पुढं केले. सटवाजीनं ती दिली नाही. खाली ठेवली, डोक्यावरचं पागोटं काढून पाटीवर ठेवलं आणि गोजराकडं वळला.

"पाखरं मी मारली, पोरी. परळाला चीक मी लावला. आणि दोष तुझ्यावर घातला."

गोजरानं त्याच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मग आता मी दुपारची झोपू?"

गावानं शिव्या दिल्या असत्या तर सटवाजीनं सोसल्या असत्या. हे सोसवेना. मान त्यानं सोडला, पागोटं पुन्हा कधी बांधलं नाही, झाडाचं एक फळ कधी तोडलं नाही. स्वतः छिन्नी घेऊन दगडाची डोण कोरली आणि रोज भरू लागला. पण त्या उन्हाळ्यात तिच्यावर एक पाखरू उतरलं नाही. गोजराही त्याच्याशी नीट बोलायची, पण मांडीवर बसेनाशी झाली.

पुढच्या वैशाखात ती आली. तृतीयेला तो डोण भरत असताना शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजा, यंदा काय चुकलं तुझं?"

सटवाजीला कानकोंडं झालं. पण या वेळी त्यानं तोंड मिटलं नाही. शेजाऱ्याचं पाटाचं पाणी एकदा आपल्याकडं वळवून घेतलं होतं, ते सांगितलं. तो मान खाली घालून बोलत असताना डोणीच्या काठावर एक बुलबुल येऊन बसला म्हणे. काही जण म्हणतात, पाखरं त्याआधीच येऊ लागली होती, त्यालाच मान वर करून बघायचा धीर नव्हता.

आजही तांबुळवाडीत तृतीयेच्या सकाळी घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस डोण भरता भरता नातवंडांसमोर वर्षातली आपली एक चूक बोलतं. नातवंडांनी हसायचं नाही, आणि 'असू दे' असंही म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं. गेल्या वर्षी नव्वदीच्या भागूबाईंना काही केल्या शब्द फुटेना. ऊन चढलं, दगड तापला. पाची नातवंडं तशीच उभी राहिली, कुणी घाई केली नाही.