धामणीची तिसरी फांदी

चूक म्हाताऱ्याची होती. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून हळहळायला नको.

तर एका डोंगरात जात्र्या नावाचा म्हातारा तिरकमठे करायचा. तिरकमठा म्हणजे धनुष्य, बरं का. त्याला दोन नातवंडं, ठुमली आणि धाकटा गोम्या. एकदा काय झालं, झोपडीएवढी मोठी घार आली. तिनं गोम्याला उचललं आणि दरीपलीकडच्या कड्यावर नेऊन ठेवलं. म्हणाली, "परवा माझी पिल्लं अंड्यातून निघतील. मग खातील याला."

कड्याला वाट नव्हती. ठुमली रडायला लागली. मग दारातलं धामणीचं झाड बोललं, "माझ्या फांदीचा तिरकमठा करा. त्याचा बाण जिथं रुतेल, तिथवर मी पूल होईन. फांद्या तीनच देईन. वाकड्या आहेत, पण माझी वळणं मोडू नका."

म्हाताऱ्यानं पहिली फांदी घेतली. कोळशात भिजवलेलं सूत ताणून तिच्यावर सरळ काळी रेघ मारली, आणि रेघेबाहेरचं सगळं तासून टाकलं.

"आजा, लाकडाची शीर तोडलीस ना!" ठुमली म्हणाली.

"तू जन्मायच्या आधीपासून तासतोय मी. गप बस."

मग त्यानं दोरी ओढली. तिरकमठा काड्‌कन मोडला.

दुसऱ्या दिवशी दुसरी फांदी. तिला मधोमध गाठ. म्हाताऱ्यानं ती सपाट केली. का? तर दिसायला बरी! दोरी ओढली, गाठीशीच मोडला. "लाकूडच नासकं," म्हणाला. मोठ्यांचं असंच असतं रे बाळांनो.

पलीकडून गोम्या ओरडला, "आजा, ताईला करू दे ना!"

"पोरांचं काम नाही हे!"

तिसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा सूत भिजवायला बसला. मग ठुमलीनं फांदी उचलली नि पळाली. डोळे मिटून शिरेवरून बोट फिरवलं. शीर वर गेली तिथं कोयता वर नेला, खाली आली तिथं खाली. गाठीभोवती लाकूड जाड राखलं, दुखऱ्या गुडघ्याला फडकं गुंडाळतात ना, तसं.

म्हातारा धापा टाकत आला. "हा तिरकमठा की साप? लोक हसतील!"

"हसू देत. गोम्यापण हसेल, घरी येऊन."

मग तिनं दोरी ओढली. वाकडा तिरकमठा हळूच वाकला, मोडला नाही. बाण सुटला, तो गोम्याच्या पायाशी रुतला. त्याला पालवी फुटली, मुळं फुटली, आणि इकडून धामण, तिकडून बाण, दोघांच्या फांद्या दरीवर एकमेकींना भेटल्या. मागं अंडी टकटक फुटत होती. गोम्या पुलावरून धावत आला. म्हाताऱ्यानं हात पसरले होते. गोम्या त्याच्या शेजारून गेला, आणि ठुमलीच्या गळ्यात पडला.

ठुमली सुखात राहिली, गोम्या सुखात राहिला. तुम्हीही पाय पोटाशी घ्या नि झोपा.

म्हाताऱ्याचं काय? नातू त्याच्या कुशीत पुन्हा कधी झोपला नाही.