उणे तीनचं गाठोडं

"उणे तीनचा वर्ग उणे नऊ. यंत्र सांगतं म्हणजे तेच खरं!" गंभीरसिंह राजाने भर दरबारात जाहीर केलं, आणि म्हाताऱ्या त्रिंबकशास्त्र्यांनी तोंडावर नाही म्हटलं. उणे तीनला उणे तीनने गुणलं की अधिक नऊच येतात, हे ते चाळीस वर्षं नदीकाठच्या शाळेत शिकवत होते. पण राजाला एका परदेशी व्यापाऱ्याने गणकयंत्र नजर केलं होतं आणि नव्याचे नऊ दिवस अजून सरले नव्हते.

राजा हट्टाला पेटला. उद्या दुपारपर्यंत याच यंत्राकडून नऊ वदवून दाखवा. आकडा तीनच, खूण उण्याचीच, कळ वर्गाचीच. नाही जमलं तर शाळेला कुलूप आणि शास्त्रीबुवा राज्याबाहेर.

राजवाड्याचे धुतलेले कपडे घेऊन आलेल्या तुळसा परटिणीने हे ऐकलं. तिला अंक-अक्षर शास्त्रीबुवांनीच शिकवलं होतं, तेही तिच्या धुण्याच्या दगडावर कोळशाने लिहून.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. महाराजांनी आपल्यासमोर एकदा कळा दाबाव्यात, एवढंच तिने मागितलं.

राजाने उणे दाबलं, तीन दाबलं, वर्ग दाबला. उणे नऊ. दरबारी गालातल्या गालात हसले. तुळसाचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या दोन कळांकडे होतं. त्यांवरच्या खुणा एकमेकींकडे तोंड करून वाकलेल्या, ओझं कवेत घेणाऱ्या हातांसारख्या. त्या कशाला, असं तिने विचारलं.

"नक्षी आहे ती," राजा म्हणाला.

"महाराज, आम्ही एकेका घराचं गाठोडं बांधून भट्टीत उकळायला घालतो. गाठोड्याबाहेर राहिलं ते मळकंच परत येतं. तुमचं यंत्र खोटं बोलत नाही. त्याने एकट्या तीनला भट्टीत घातलं, त्याचे नऊ झाले. बाहेर राहिलेलं उणे जसंच्या तसं पुढे चिकटवलं."

तिने एक वाकडी कळ दाबली, मग उणे, मग तीन, मग दुसरी वाकडी कळ. "हे बांधलं गाठोडं. आता घाला भट्टीत."

राजाने वर्गाची कळ दाबली. नऊ!

राजाने यंत्राकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं, आणि पगडी तिरकी होईपर्यंत तो हसत सुटला. शाळा तर राहिलीच, वर तिला कौलारू छप्पर मिळालं. मग त्याने खांद्यावरचा जरीचा शेला काढून तुळसाच्या हातात ठेवला.

तुळसाने सवयीने किनार उलटून डाग शोधला.

"धुवून कधीपर्यंत हवा, महाराज?"