शंभरात दोन थेंब

विजेवरच्या रिक्षा गावात नव्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सुदामच्या रिक्षाच्या बॅटरीत लिथियमचे असंख्य कण राहत. चार्जिंग लागलं की ते काळ्या भिंतीत शिरत, रिक्षा धावली की बाहेर पडत. दर खेपेला भिंत फुगे, आकसे, तडके.

बॅटरीतल्या ज्या द्रवातून ते ये-जा करत, त्यातच सारवणबाई राहायची. शंभर थेंबांत दोन थेंब, एवढाच तिचा जीव. तडा दिसला की ती स्वतःचंच थोडं अंग काढून तो लिंपायची.

"सावकाश जा रे," ती म्हणायची. "मी संपले की लिंपायला कोणी नाही."

"बाई, तुझं रोजचंच आहे," म्हणत कण धडाधड निघून जात.

एके दिवशी तडा पडला आणि तसाच राहिला. कणांनी बाईला हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. एका म्हाताऱ्या कणाने भिंतीवरच्या जुन्या लिंपणावरून हात फिरवला.

"बाई इथेच आहे," तो म्हणाला. "आपण रोज हिला तुडवूनच जात होतो."

तडा बुजवायला तो आत शिरला, तो तिथेच चिकटला.

"पूर्ण चार्ज करूनही रिक्षा आता स्टेशनसुद्धा गाठत नाही," काही दिवसांनी वर सुदाम कुरकुरला.

आता दर खेपेला काही कण तड्यात अडकतात. उरलेले अजून धडाधडच जातात.