कोळ्याचे धागे

रानातली झाडं एकमेकांना नावानं हाक मारत, त्या काळची ही गोष्ट. एका कोळ्यानं ऐनापासून बेहड्यापर्यंत आणि बेहड्यापासून जांभळीपर्यंत धागे बांधले. धागा हलवून बोललं, की ते साऱ्या रानाला ऐकू जाई. फळं कुठे पिकली, ससाणा कुठे घिरट्या घालतोय, सगळं घरबसल्या कळू लागलं. झुंबरी खारीला तर त्या धाग्यांचं वेडच लागलं.

एके दुपारी धामण झुंबरीच्या ढोलीकडे चढू लागली. आत डोळेही न उघडलेली पिल्लं होती. पूर्वी अशा वेळी खार नुसती चिरकली, तरी शेजारचे सातभाई पक्षी कलकलाट करत सापावर तुटून पडायचे. आता झुंबरीनं धागा हलवला. "धावा! धामण आलीय!"

धागा लगेच थरथरू लागला. "अरेरे!" "जप गं बाई." "आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत."

"कुणी निघालंय का रे?" तिनं कोळ्याला विचारलं.

"सगळ्यांनी उत्तर दिलंय, ताई," कोळी अभिमानानं म्हणाला.

समोरच्याच फांदीवर सातभाई बसले होते. त्यांच्याकडे बघून ती जिवाच्या आकांतानं ओरडली. थोरला सातभाई धाग्यावरची नजर न काढता म्हणाला, "ओरडतेस कशाला? कळलंय आम्हाला. पुढेही कळवलंय."

मग ती एकटीच धामणीवर धावून गेली. शेपटीच्या एका फटक्यानं खाली पडली. वर चढेपर्यंत ढोली रिकामी झाली होती.

संध्याकाळभर सांत्वनानं धागा हलत राहिला. झुंबरीनं तो दातांनी तोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी रानभर बातमी गेली, की झुंबरी हल्ली फार तुसडी झाली आहे.